जळलेला माळ

बाबांच्या ओंजळीत धरलेला उंदीर श्वास घेई, तेव्हा त्याचे सगळे अंगच धडधडत असे... सुकल्या गवताच्या रंगाचे, पोटाशी पांढरे, कान तर ऊन आरपार जाईल इतके पातळ. त्याच्या पाठीवरचे जरासे केस कापून बाबा खूण करत आणि त्याला अलगद गवतात सोडून देत.

सत्तरचे दशक संपत आले होते. बाबा लखनौच्या एका संशोधन संस्थेत प्राणिशास्त्रज्ञ होते. आम्ही निशातगंजला राहत होतो. शहराच्या दक्षिणेला तेव्हा माझ्या डोक्यावरून जाणाऱ्या गवताचे माळ होते आणि त्यांना लागून बाभळी-पळसांची झाडी. गवतातले उंदीर झाडीत जातात का, झाडीतले गवतात येतात का, हे बाबांना शोधायचे होते. संध्याकाळी पत्र्याचे पिंजरे लावायचे, सकाळी जाऊन उघडायचे. भाजलेल्या दाण्यांच्या कुटाचा तो खमंग वास बाबांच्या सदऱ्यांना, स्कूटरला, माझ्या साऱ्या रविवारांना चिकटलेला असे.

मग तिथे वसाहत व्हायचे ठरले. गवत जाळणार होते. बाबा मुकादमाला भेटले, तेव्हा मी सोबत होते.

"साहब, सोमवार से पहले आग नहीं लगेगी. आप बेफ़िक्र रहिए."

शनिवारी संध्याकाळी बाबांनी शेवटचे पिंजरे लावले.

रविवारी सकाळी पोचलो, तो माळ काळा झाला होता... कडेला अजून धूर, पायाखाली ऊन राख, वर घिरट्या घालणाऱ्या घारी. बाबा एकेक पिंजरा उघडत गेले. मला त्यांनी दूर उभे केले होते, तरी वास आलाच.

"बाबा, सब मर गए?" मी विचारले. घरी मराठी, पण घाबरले की माझ्या तोंडून हिंदीच येई.

"नाही गं. बिळातले वाचले असतील, झाडीकडे पळालेले वाचले असतील," बाबा म्हणाले. मग हातातला पिंजरा खाली ठेवत, "मी धरून ठेवलेले तेवढे मेले."

घरी आल्यावर ते मोरीत हात धूत बसले. साबण विरघळून गेला, तरी धूतच राहिले. शेवटी आईने नळ बंद केला आणि त्यांचे हात आपल्या पदराने पुसले.

बाबा पुन्हा रानात गेले नाहीत. निवृत्तीपर्यंत प्रयोगशाळेच्या चार भिंतींत नेमाने काम करत राहिले.

आता ते नाहीत. आई लखनौच्या आठवणी भरभरून सांगते — थंडीतल्या हिरव्या मटारांच्या राशी, गच्चीवरचे कोवळे ऊन, शेजारच्या भाभींच्या गप्पा... त्या रविवारापाशी आली, की मात्र थांबते आणि काहीतरी काम काढून आत जाते.