खड्यांचा डबा

मास्तरांनी कुलपात किल्ली फिरवली तेव्हा आत सगळं शांत होतं, आणि त्या शांततेनं त्यांना बरंच वाटलं. बेल वाजवूनही ढग्या भुंकला नाही, ही त्यांच्या तीन महिन्यांच्या मेहनतीची कमाई होती.

मास्तर म्हणजे कुत्र्यांचे मास्तर. बावीस वर्षं खिशात बिस्किटं आणि पिशवीत खडे भरलेला पत्र्याचा डबा घेऊन ते घरोघरी फिरत होते. कुत्रा भुंकला की डबा खडखडवायचा, गप्प बसला की बिस्किटाचा तुकडा द्यायचा. मुक्या जिवावर हात उचलणं त्यांना पाप वाटे. पण अल्सेशियन असो, लॅब्रॅडोर असो, नाहीतर रस्त्यावरून उचलून आणलेलं पिल्लू, डबा एक आणि धडाही एकच. बायको म्हणायची, "माझ्या जावेला पाठवू का महिनाभर तुमच्या शिकवणीला?"

ढग्या हा मूठभर पांढरा पॉमेरियन. तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या, नर्सच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या काकूंचा. जिन्यात पाऊल वाजलं तरी भुंकायचा, कबूतर बसलं तरी भुंकायचा. शेजाऱ्यांनी काकूंना बजावलं होतं, कुत्रा गप्प करा नाहीतर घालवा. काकूंनी मास्तरांना बोलावलं, आणि घराची एक किल्लीही त्यांच्याकडे देऊन ठेवली. काकूंच्या परगावच्या मुलीनं तेव्हा फोनवर सांगून पाहिलं होतं, की ही जात एवढीशी, हिचा सगळा जोर घशात असतो. दोनदा भुंकून थांबायला शिकवा, तोंडच बंद करू नका. मास्तर हसले होते. "ताई, कुत्रा तो कुत्रा. माझ्या वर्गात सगळे सारखे."

त्या सकाळी मात्र ढग्या त्यांच्याकडे धावत आला नाही. तो न्हाणीघराच्या दाराशी बसला होता. ताठ, पुढचे पाय जुळवून, शिकवल्याबरहुकूम. आणि थरथर कापत होता.

मास्तरांनी दार ढकललं. आत दिवा जळत होता. काकू ओल्या फरशीवर पडल्या होत्या, एक पाय भलतीकडेच वळलेला. काकूंचे डोळे उघडे होते, ओठ हलत होते. मास्तर वाकले.

"काल संध्याकाळी पडले," काकू पुटपुटल्या. "हाक मारायला आवाजच फुटेना. मग याला म्हटलं, भुंक रे बाबा, भुंक." त्यांना धाप लागली. "हा बसला. बिस्किटाची वाट बघत."

मास्तरांनी डोळे मिटले. तेरा तास. पलीकडे शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर, मधे फक्त एक भिंत.

गाडी आली, काकूंना उचलून नेलं. शेजारीण दाराशी उभी राहून हळहळली आणि जाता जाता अगदी मनापासून म्हणाली, "कुत्रा मात्र गुणी हो, मास्तर. रात्रभर हूं नाही की चूं नाही."

घरी गेल्यावर मास्तरांनी डबा मोरीत उपडा केला. खडे इतक्या जोरानं खडखडले, की त्यांची बायको घाबरून बाहेर आली.

दवाखान्यात काकूंच्या खाटेशी ते खाली मान घालून उभे राहिले. काकूंनी त्यांना बसायला सांगितलं. "देवानं एवढ्याशा जिवाला एकच गोष्ट दिली होती, मास्तर. ती काढून घ्या म्हणून मीच सांगितलं तुम्हाला."

"मी परत देईन," मास्तर म्हणाले.

तेव्हापासून कुणाकडे नवा कुत्रा आला, की मास्तर आधी विचारतात, याचे बापजादे काय काम करायचे? मेंढ्या वळायचे, राखण करायचे, की पाण्यातून शिकार आणायचे? लोकांना वाटतं, मास्तर म्हातारे झाले.

काठी टेकत काकू घरी आल्या. मग दोन महिने मास्तर ढग्यासमोर रोज दार वाजवत राहिले, जिन्यात पाय आपटत राहिले. एकदा तर जमिनीवर ओणवे होऊन स्वतःच भुंकले. ढग्या पिशवीकडे बघे आणि ताठ बसे.

आणि आज सकाळी काकूंचा फोन आला. "भुंकला. दूधवाल्यावर. तीनदा."

मास्तर चपला अडकवून धावले. दुसऱ्या मजल्यावर पोचतात तोच वरून तो आवाज आला. बारीक, चिरका, गंजल्या बिजागरीसारखा. त्यांच्या अंगावर काटा आला. ते दोन-दोन पायऱ्या चढले, आणि आवाज थांबला.

काकूंनी दार उघडलं. उंबऱ्याआड ढग्या बसला होता, पुढचे पाय जुळवून. नजर मास्तरांच्या खिशावर.

काकूंनी एकदा त्याच्याकडे, एकदा त्या खिशाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "रागावू नका मास्तर, पण तुम्ही जरा खाली जाता का?"

मास्तर मुकाट्यानं उतरले. दुसऱ्या मजल्यावर थांबले. पहिल्यावर थांबले. वरून आवाज येईना, तेव्हा फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिले.