पाकिटातून काढून घेतलेला कागद

शशिधर मांद्रेकरांना स्विंडनमध्ये सगळे मास्तर म्हणत. सगळे म्हणजे गोव्याकडची माणसं. बाकीच्या गावाला ते नुसते शशी होते.

पेडण्याच्या एका हायस्कुलात एकतीस वर्षं इतिहास शिकवून ते निवृत्त झाले आणि त्रेसष्टाव्या वर्षी मुलासाठी इंग्लंडला आले. त्यांचा जन्म पोर्तुगीज अमदानीतला, त्यामुळे लिस्बनच्या दप्तरात त्यांचं नाव चढू शकत होतं. बापाचं नाव चढलं की मुलाचं चढतं, आणि मुलाच्या हाती युरोपचा पासपोर्ट येतो. स्वानंदसाठी मास्तरांनी दाखवतील तिथे सह्या केल्या आणि त्या सह्यांनी स्वतःही पोर्तुगालचे नागरिक झाले. पोर्तुगीज भाषेतले त्यांना चार-पाच शब्द येत. तेही लहानपणी पोलिसाच्या तोंडून ऐकलेले.

स्विंडनला त्यांनी सहा वर्षं सँडविचच्या कारखान्यात काम केलं. डोक्याला जाळी, दाढीलाही जाळी, आणि पट्ट्यावरून येणाऱ्या प्रत्येक ब्रेडवर काकडीच्या तीन चकत्या. चौथी पडली की पंचवीस वर्षांची सुपरवायझर लांबून ओरडे, "शशी, थ्री!" वर्गात ज्यांनी नुसता चष्मा काढून टेबलावर ठेवला तरी चाळीस पोरं गप्प होत, ते मास्तर खाली मान घालून चौथी चकती उचलत. याबद्दल ते घरी कधी बोलले नाहीत. पण शनिवारी गोव्याकडच्याच राजेंद्रच्या घरी भजनाला जायचं त्यांनी कधी चुकवलं नाही, कारण तिथे कुणीतरी उठून त्यांना खुर्ची देई.

दोन हजार बावीसच्या जानेवारीत पोर्तुगालच्या संसदेची निवडणूक आली, आणि आपल्या लोकांच्या दारात लिस्बनहून जाडजूड पाकिटं पडू लागली. युरोपात विखुरलेल्या सगळ्या पोर्तुगीज नागरिकांचे मिळून दोन सभासद निवडायचे, तेही टपालाने. एरवी या भानगडीत कोण पडलं असतं? पण पोर्तुगालच्या वकिलातीत ओळखपत्राच्या कार्डाचं नूतनीकरण करायचं तर महिनोन्‌महिने तारीख मिळत नव्हती. भजनाला येणाऱ्या कांताबाईंचं कार्ड संपत आलं होतं आणि त्या रोज कुणाला ना कुणाला फोन करून रडकुंडीला येत होत्या. मत दिलं तर आपल्यालाही कुणी विचारील, असं ठरलं. आणि हे नीट करून घ्यायला मास्तरांखेरीज दुसरं कोण होतं? विधानसभा, लोकसभा, पंचायत धरून त्यांनी सतरा निवडणुकांची ड्युटी केली होती.

संक्रांतीनंतरच्या रविवारी राजेंद्रच्या घरी हळदीकुंकू होतं. मास्तरांनी सांगितलं, येताना पाकिटं घेऊन या. पुढच्या खोलीत त्यांनी टेबल लावलं, वहीत नावं मांडली, कोपऱ्यात इस्त्रीच्या स्टँडला चादर लावून गुप्त मतदानाचा आडोसा केला. मास्तरांचं घर सोडून अकरा घरांची सव्वीस पाकिटं झाली. मतपत्रिकेवर फुली मारायची, ती हिरव्या पाकिटात घालायची, हिरवं पाकीट पांढऱ्यात घालायचं. मास्तर प्रत्येक पाकीट तपासून डिंक लावत होते. अंगात कोट होता. किती वर्षांनी माणसं त्यांच्यासमोर रांगेत उभी होती.

वीणाची पाळी आली. वीणा त्यांचीच विद्यार्थिनी, आता पस्तिशीची, वृद्धाश्रमात नोकरीला. बाकीचे मास्तर म्हणत, ती एकटी अजून सर म्हणे. तिच्या पांढऱ्या पाकिटात आणखी एक कागद होता.

"हे काय घातलंस गो?"

"कार्डाची झेरॉक्स, सर. घालायला सांगितलीय. पत्रकात आहे."

"कुठल्या पत्रकात?"

"ते काय, तुमच्या डिंकाच्या बाटलीखाली."

रांगेतली माणसं हसली. एवढंच झालं. पण ते हसू मास्तरांना झोंबलं. पाकिटातून आलेलं ते पत्रक पोर्तुगीजमध्ये होतं आणि त्यांनी ते वाचलं नव्हतं.

"मत गुप्त असतं, वीणा," ते आवाज चढवून म्हणाले, म्हणजे मागच्यांनाही ऐकू जावं. "मतपत्रिकेवर नुसती सही दिसली तरी आम्ही ती बाद करायचो. पंचायतीच्या मोजणीत एका बाईने हौसेने स्वतःचं नाव लिहिलं होतं. तिचं मत मी या हाताने बाद केलंय. आणि तू फोटोसकट कार्ड पाठवतेस?"

"पण सर, हिरव्या पाकिटावर नाव नाहीच. ते आधी वेगळं काढून ठेवतात. मी फोनवर भाषांतर करून—"

"आठवीत होतीस तेव्हाही तू प्रश्न न वाचता उत्तरं लिहायचीस!"

आता माणसं वीणाला हसली. कांताबाई तिळाचा लाडू फोडत म्हणाल्या, "अगो बाय, गुरूला शिकवू नये. पाप लागतं." मास्तरांनी तो कागद पाकिटातून काढला, त्याच्या चार घड्या केल्या आणि वीणाच्या हातात दिला. ती लाल झाली. मग तिने मुकाट्याने पाकीट पुढे केलं आणि मास्तरांनी त्याला डिंक लावला. मागे उभ्या असलेल्या आणखी तिघांनी आपापल्या झेरॉक्स गुपचूप काढून खिशात घातल्या. ते मास्तरांनी पाहिलं आणि त्यांना बरं वाटलं. घरी जाताना वीणाचं पाकीट त्यांनी स्वतःच पोस्टात टाकलं.

फेब्रुवारीत बातमी आली. युरोपातली लाखाच्या वर मतं बाद झाली होती, आणि न्यायालयाने पुन्हा मतदान घ्यायला सांगितलं होतं. मास्तरांनी बातमी एका शनिवारी दुपारी वाचली. मग कपाटातून ते पत्रक काढलं आणि स्वानंदच्या फोनवर त्याचा फोटो घेऊन भाषांतर पाहिलं. तिसऱ्याच ओळीत होतं: ओळखपत्राची प्रत पांढऱ्या पाकिटात घालावी. सोबत चित्रही होतं. पोर्तुगीज न येणाऱ्या माणसालाही कळेल असं चित्र. मास्तरांनी पत्रक घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

त्याच शनिवारी भजनाच्या आधी राजेंद्रने बातमी मोठ्याने वाचून दाखवली. "काहींनी कार्डाची प्रत घातली होती, काहींनी नाही. मोजताना दोन्ही मतं एकत्र झाली, मग वेगळी करता येईनात. म्हणून सगळीच बाद."

"म्हणजे झेरॉक्सवाल्यांनी नासवलं म्हण की," कांताबाई म्हणाल्या. "सगळ्यांनी सारखंच केलं असतं तर घोळ झालाच नसता."

"आपल्यात तर कुणी घातली नव्हती."

"एकजण घालणार होती ना! घरी जाऊन पाकीट फोडून घातली असणार. हट्टी आहे ती."

"मास्तरांनी एवढं समजावलं तरी?"

"हल्ली फोनात दोन अक्षरं वाचली की यांना अक्कल येते. माझ्या कार्डाचं काय होणार आता?"

सगळ्यांनी मास्तरांकडे पाहिलं. वीणा त्या दिवशी ड्युटीवर होती. स्वतःची चूक सांगायचीही गरज नव्हती. नुसतं 'तिची चूक नाही' एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. ते पाकीट आपण स्वतः बंद केलं, स्वतः पोस्टात टाकलं, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं? कोटाच्या खिशात पत्रक होतं. मास्तरांनी समोरचे टाळ उचलले.

"वेळ झाली," ते म्हणाले. "सुरू करूया."

त्या संध्याकाळी त्यांचा आवाज चांगला लागला, असं राजेंद्र नंतर म्हणाला.

दोन दिवसांत व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणीतरी झेरॉक्स मशीनचं चित्र टाकलं आणि खाली लिहिलं, 'झेरॉक्सवाल्या वीणाला वाढदिवसाची भेट.' अठरा जणांनी हसरे चेहरे लावले. संध्याकाळी वीणा ग्रुपमधून निघून गेली. पुढच्या शनिवारी ती भजनाला आली नाही, त्याच्या पुढच्याही नाही. मँचेस्टर रोडच्या दुकानात ती मास्तरांना समोर दिसली तेव्हा मास्तर तांदळाच्या पोत्यांमागे वळले आणि ती जाईपर्यंत पोत्यांवरच्या किमती वाचत राहिले.

मास्तरांच्या पत्नी अनुराधाबाईंनी एक दिवस कोट धुलाईला द्यायला खिसे तपासले. रात्रीचं जेवण वाढताना त्यांनी पत्रक ताटाशेजारी ठेवलं.

"हे तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?"

"त्या शनिवारपासून."

"टाळ वाजवायच्या आधी की नंतर?"

मास्तरांनी पत्रक उलटं करून ठेवलं. अनुराधाबाईंनी आमटी वाढली. "तिच्या आईला मी काय तोंड दाखवू ते सांगा," एवढंच त्या म्हणाल्या.

मार्चमध्ये नवी पाकिटं आली. राजेंद्रचा फोन आला, "मास्तर, रविवारी टेबल लावू ना? या वेळी झेरॉक्स घालायची म्हणतात. तुम्ही सांगाल तसं." तुम्ही सांगाल तसं, हे शब्द मास्तरांना ऐकवेनात. मग म्हणाले, "उद्या सांगतो," आणि चपला बदलून बूट घातले.

वीणाच्या दारावर घंटा वाजवायच्या आधी ते फुटपाथवर दोनदा पुढे जाऊन मागे आले. दार तिनेच उघडलं. अंगात वृद्धाश्रमाचा निळा गणवेश, हातात गाडीची चावी. "या" ती म्हणाली नाही.

"वीणा, तुझी चूक नव्हती. माझी होती. मी पत्रक वाचलं नव्हतं."

"मला ठाऊक आहे, सर."

"मी आलो ते एवढंच सांगायला…"

"मला कशाला सांगता? मला काय माहीत नव्हतं?" तिचा आवाज चढला नव्हता, म्हणून मास्तरांना जास्त लागलं. "बरोबर काय ते मला त्या दिवशीच माहीत होतं. तरी मी तुमच्यापुढे पाकीट धरलं. का धरलं, याचा मला अजून राग येतो. कांताबाई माझ्या आईला गावी फोन करून सांगतात, तुझ्या लेकीमुळे माझं कार्ड अडलं. आई मला विचारते, काय केलंस गो तू? काय सांगू तिला?"

"मी रविवारी सगळ्यांसमोर सांगतो."

"रविवारी निम्मे येतात. आणि तुम्ही सांगाल, मग राजेंद्रदादा हसण्यावारी नेईल, मग चहा येईल." तिने घड्याळ पाहिलं. "जिथे जिथे माझं नाव गेलंय, त्या प्रत्येक घरी जाऊन सांगा. फोनवर नको."

"अकरा घरं आहेत."

"माझं सोडून दहा," ती म्हणाली, आणि मास्तरांना बाजूला सरकायला लावून गाडीकडे गेली.

तिचं खरं ठरलं. राजेंद्र हसला. "अहो मास्तर, अख्ख्या युरोपने तीच चूक केली, तुमचं काय घेऊन बसलात!" मास्तर म्हणाले, "युरोपने वीणाच्या पाकिटातला कागद काढला नव्हता. मी काढला." तरी राजेंद्र हसतच राहिला आणि चहा आला. तिसऱ्या घरी यजमानांनी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. "मोठ्या माणसांनी असं बोलू नये, आम्हाला कसंसंच होतं." पाचव्या घरी पोरांना दुसऱ्या खोलीत पाठवलं, जणू मास्तर कुणी गेल्याची खबर घेऊन आले होते. माफ करणारी माणसं इतकी जड जातात हे त्यांना नवीन होतं. प्रत्येक घरी ते खिशातून पत्रक काढून ते चित्र दाखवत. ऐकणारा दुसरीकडे बघे.

कांताबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पत्रक डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं.

"त्या दिवशी तुम्ही बोलला का नाहीत हो?"

"लाज वाटली."

"तुम्हाला लाज वाटली म्हणून मी त्या पोरीला शिव्या घातल्या? तिच्या आईला फोन केला?" त्यांनी पत्रक मास्तरांना परत केलं. "मी अडाणी बाई, मास्तर. तुम्ही मान डोलवलीत की मी खरं धरते. आता मी आणखी कुणाकडे पाहून खरं धरायचं?"

मास्तर उभेच होते. त्यांना कांताबाईंनी बसायला सांगितलं नाही. त्या घरात चहा आला नाही आणि त्याबद्दल मास्तरांना बरं वाटलं.

दहावं घर गावाबाहेरच्या नव्या वस्तीत होतं. दोन बसगाड्या बदलून मास्तर तिथे पोचले तेव्हा पाऊस भुरभुरत होता. हे सुखदेव नाईकचं घर. हळदीकुंकवाला त्याची बायको सीमा दोघांची पाकिटं घेऊन आली होती, हा कामावर होता. आज ती कामावर होती आणि दार सुखदेवने उघडलं. त्याने टॉवेल दिला, हीटर लावला.

एव्हाना मास्तरांना ती वाक्यं पाठ झाली होती. नऊ घरांनी त्यांच्या कडा झिजवल्या होत्या. त्यांनी पत्रक काढलं आणि सुरुवात केली, "वीणाची त्यात चूक नव्हती. तिच्यावर उगाच आळ आला."

सुखदेवने त्यांच्याकडे पाहिलं. "कोण वीणा?"

"वीणा. ती झेरॉक्सवाली…" तोंडातून शब्द निघून गेला आणि मास्तर थबकले.

"मी ग्रुपवर नाही हो, मास्तर. सीमाने काही सांगितलं नाही. कसली झेरॉक्स?"

इथे तिचं नाव पोचलंच नव्हतं. आता पोचलं होतं, आणि ते आपणच आणलं होतं, तेही त्या टोपणनावासकट. उठून जाता आलं असतं. काही नाही, विशेष काही नाही, म्हणून विषय बदलता आला असता. सुखदेव समोरच्या खुर्चीत बसून वाट पाहत होता, कुणी गोष्ट सांगणार असलं की माणूस बसतो तसा.

मास्तर सोफ्याच्या कडेवर बसले. ओला टॉवेल त्यांनी गुडघ्यावर घडी करून ठेवला.

"माझी एक विद्यार्थिनी आहे," ते म्हणाले. "हुशार आहे. संक्रांतीनंतरच्या रविवारी मी तिच्या पाकिटातून एक कागद काढला. तिथपासून सांगतो."