सायेब खुशाल हाईत

नोट हातात आली की चाचा ती आधी उन्हाला धरायचे, डावा डोळा मिटायचे, रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरसाहेबांची सही निरखायचे आणि भर बाजारात जाहीर करायचे, "सायेब खुशाल हाईत!" मगच नोट खिशात.

चाचांना लिहिता-वाचता येत नव्हतं. पण सही ओळखायला अक्षरं कशाला लागतात? "ह्यो सायेब सरळ हाय. शेपूट बघा की, कुठं वळत न्हाय," असं ते मला समजावायचे. मी तेव्हा कोल्हापूरच्या गूळबाजारात एका अडत दुकानात कारकून होतो आणि चाचा आमचे लिलाव पुकारायचे. गुळाच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी हाळी दिली की पार रंकाळ्यावरचे बगळे उडायचे. मंडळी, यात थोडी भर माझी आहे, पण थोडीच.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. एका सकाळी बातमी आली की गव्हर्नरसाहेबांना कोर्टानं बोलावलंय. दहापर्यंत आमच्या बाजारात त्यांच्यावर खटला उभा राहिला, अकराला शिक्षा झाली आणि बाराच्या सुमारास ते कळंब्याच्या तुरुंगात पोचलेसुद्धा! एकानं तर त्यांना गाडीतून उतरताना बघितलं होतं.

सही करणाराच आत गेला, तर नोटेवर त्यानं दिलेलं वचन पाळणार कोण? रुपयाच्या नोटेवर मात्र अर्थखात्यातल्या दुसऱ्याच साहेबाची सही असते, हे कुणा शहाण्याला आठवलं. झालं! दहाची नोट देऊन रुपयाच्या नऊ नोटा आनंदानं घेणारे महाभाग मी याच डोळ्यांनी पाहिले. व्यापारी नोटा खपवायच्या घाईनं गुळाचा भाव चढवू लागले आणि शेतकरी गूळच देईनात. लिलाव थांबला. गाड्यांवर गूळ उन्हानं पाझरू लागला.

कागलचा एक आडदांड शेतकरी पुढं झाला. "चाचा, रोज वरडतायसा न्हवं? मग आज बोला की! सायेब खुशाल हाईत का?"

चाचांच्या मुलीचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. त्यासाठी जमवलेल्या नोटा एका डब्यात, आमच्याच तिजोरीत होत्या. आणि त्या सगळ्या आधीच्या गव्हर्नरांच्या सहीच्या, म्हणजे त्या दिवशी बाजारात सगळ्यांत पवित्र.

"कारकूनसायेब," चाचा मला म्हणाले, "माझा डबा आणा."

डबा उघडून ते गरजले, "ज्याला ह्या सायबाचं भ्या वाटतंया, त्यानं त्याची नोट हितं टाकावी आन् माझी न्यावी!"

"आन् पोरीचं लगीन?" कागलकर चाचरला.

"ह्याच सायबाच्या सहीवर हुतंय की! आवतान बी धाडतो त्यास्नी, कळंब्याला!"

बाजार खदखदून हसला. पण लोक नोटा बदलूनही घेत होते हो! अर्ध्या तासात डब्यातली एकूण एक नोट बदलली आणि चाचांनी हाळी दिली. लिलाव सुरू झाला.

संध्याकाळी डबा तिजोरीत परत ठेवताना मी विचारलं, "चाचा, एवढी खात्री होती?"

"खात्री कुठली! पर कोर्टात गेला म्हंजे चोर हुतोय व्हय? म्या तीनदा गेलतो. दोनदा साक्षीला, एकदा सायकलीला दिवा नव्हता म्हणून."

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की साहेबही साक्षीलाच गेले होते. साक्ष देऊन ते घरी परतले होते.

लग्न असं झालं की काय सांगू! नोटा बदललेले झाडून सगळे हजर. कागलकरानं शरमेनं गाडीभर गूळ आणला. चाचांनी बदलून आलेल्या नोटांतली दहाची एक मात्र राखून ठेवली. मी चिडवलं, तर म्हणाले, "कोर्टातनं आल्यालं पावणं हाईत. लगीच कसं घालवायचं?"

आता चाचा नाहीत. गेल्या महिन्यात पेठ वडगावला त्यांच्या मुलीकडं गेलो होतो. चहा देऊन तिनं फडताळातून ती दहाची नोट काढली, खिडकीतल्या उन्हाला धरली आणि डावा डोळा मिटला.

"काळजी करू नका, काका," ती म्हणाली, "सायेब खुशाल हाईत."