गाडी भरायला निघालेल्या दोघी

सत्तरच्या दशकात आमच्या गावातून सांगलीत विश्रामबागच्या कॉलेजात जाणाऱ्या आम्ही दोघीच मुली होतो. मी शेतकऱ्याची. तिचे वडील भांड्यांना कल्हई करायचे, सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं. गाव सातारा-सांगलीच्या शिवेवर. सकाळची बस साताऱ्याकडच्या डेपोतून यायची आणि आम्हाला सांगलीला न्यायची.

एका संक्रांतीनंतर कंडक्टर म्हणाले, "पोरींनो, दोन्हीकडचे एसटीचे विभाग आता येगळे झाले. ज्यानं त्यानं आपला खर्च आपल्या उत्पन्नातनं भागवायचा. ही गाडी तोट्यात हाय. म्हैनाभर बघणार, मग बंद."

मी रडवेली झाले. ती म्हणाली, "गाडी भरली तर कशी बंद करतील?"

त्या संध्याकाळपासून आम्ही घरोघर फिरलो. बाजाराला, दवाखान्याला, कचेरीला जाताना सायकल, बैलगाडी नको, बसनं जा, असं ती विनवायची. चाचा रोज पुढच्या गावाचं तिकीट काढून भांडी आणायला जाऊ लागले. पंधरा दिवस बसमध्ये उभं राहायला जागा नव्हती.

मग सुगी आली. माणसं शिवारात गेली आणि गाडीत आम्ही तिघंच उरलो. चाचा डेपोत जाऊन आले. साहेब वाईट नव्हते. त्यांनी चहा पाजला आणि सांगितलं, "पूर्वी दुसऱ्या गाड्यांच्या फायद्यात ही खपून जायची. आता तिकडचं उत्पन्न तिकडं. माझ्या हातात काही नाही."

गाडी बंद झाली. विश्रामबागेत माझे मामा राहायचे, मी त्यांच्याकडे जायचं ठरलं. आदल्या दिवशी ती माझी ट्रंक भरायला आली. चादरीची घडी घालता घालता म्हणाली, "मामाचं घर मोठं हाय का गं?"

ती काय विचारत होती ते मला कळलं होतं.

"न्हाई," मी म्हणाले, "दोनच खोल्या हायत."

खोल्या चार होत्या. चाचांची पोर म्हटल्यावर मामी काय म्हणेल, या भीतीनं मी मामांना विचारायचं धाडसच केलं नाही.

तिनं चादर ट्रंकेत ठेवून झाकण लावलं. त्याच उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. मी पदवी घेतली. दोन वर्षांनी ती भेटली तेव्हा तिच्या कडेवर मूल होतं.

"गाडी बंद झाली त्या वर्षी परीक्षेत काय आलं हुतं गं?" तिनं विचारलं.

मला एकही प्रश्न आठवेना.