डॅन्यूबच्या आधी कोपर

पांढरी साडी, उलटे पाय, वडाचं झाड... यातलं काही हवं असेल तर मंडळी, चुकीच्या दुकानात आलात. माझं भूत आलं रविवारी भर दुपारी, आमरस-पुरी झाल्यावर, कोपर स्टेशनजवळ आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. आणि आलं ते माझ्याच तोंडातून. भुतांवर विश्वास म्हणाल तर शून्य. सोसायटीत भुताचे आवाज काढून पोरांना पळवणारा मीच!

झालेलं असं — जूनमधली ऑस्ट्रियातली सायकल टूर ठरवत होतो. डॅन्यूब नदीच्या काठाकाठाने, आठवडाभर, तिकडेच भाड्याने सायकली घेऊन. ऐन वेळी सोबत येणाऱ्या मित्राला रजाच मिळेना. आई म्हणाली, एकटा जायचं नाही. बाबांना ने, नाहीतर विसर. बाबा नुकतेच रिटायर झालेले, दिवसभर गॅलरीत गप्प बसून असायचे. मला तर ते सोबत हवेच होते. पण विषय काढला की त्यांचा गुडघा दुखायचा. जिने चढताना नाही हां, फक्त सायकल म्हटलं की.

त्या दुपारी लॅपटॉपवर नकाशा उघडला आणि मिमिक्री सुरू केली. शाळेतले पीटीचे सर, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळे होऊन बाबांना आग्रह केला. हसले खूप, पण नाही म्हणजे नाही. मग म्हटलं, आजोबा काढू. आता बघा — आजोबा मोहने गावात फॅक्टरीत कामाला होते, बाबा लहान असतानाच गेले. घरात त्यांचा एक फोटो आहे, बस. आवाज मी काय, आईनेही कधी ऐकलेला नाही. मी आपला नाटकातला मालवणी म्हातारा करणार होतो, 'अरे झिला' वगैरे.

तोंड उघडलं... आणि भलताच आवाज आला. बसका, हळू, मध्येच खोकला.

"गुंड्या, घाबरतोस काय? सीट धरलीय मी मागनं. तू नुसता पायडल मार."

बाबांच्या हातातली बडीशेप सांडली. आईने विचारलं, हा गुंड्या कोण?

"मी," बाबा म्हणाले.

मग कळलं की बाबांना सायकल येतच नाही! आजोबा सुट्टीला मैदानात नेऊन शिकवायचे. शिकणं अर्धं राहिलं आणि ते गेले. त्यानंतर बाबांनी सायकलला हातच लावला नाही. एवढा संसार झाला, आईलाही पत्ता नाही. आणि गुंड्या म्हणणारं तर दुसरं कुणी नव्हतंच.

मग मी हे कुठून बोललो? लई डोकं खाजवलं. अजून काही हाती लागलेलं नाही.

आता रोज सकाळी ग्राउंडवर मी सीट धरतो. बाबा पायडलवर पाय ठेवतात आणि थांबतात. पुढे बघतच हळूच म्हणतात, बोल ना रे तसं. मी घसा खाकरतो, जीव तोडून प्रयत्न करतो... निघतं ते कार्टून. काल मात्र भडकले.

"गाढवा, अख्ख्या दुनियेचे आवाज काढतोस, आणि माझ्या बापाचा तेवढा सांभाळता आला नाही तुला?"