साहेबांचा उजवा जोडा

अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात समुद्र असलाच, तर तो बाभुळगावला माझ्या मामेसासऱ्यांच्या ओसरीत आहे! ऐन तारुण्यात नौदलात गेलेले हे गृहस्थ पेन्शनीत येऊनही जमिनीवर उतरलेले नाहीत. घराची फरशी त्यांच्या लेखी डेक. ओसरीत पितळेची घंटा टांगलेली, ती ते जहाजावरच्यासारखी दर अर्ध्या तासाला वाजवतात. एकदा ऑटोवाल्याला त्यांनी "पोर्टले घे", म्हणजे जहाजी भाषेत डावीकडे, असं सांगितलं, तर तो बिचारा "काका, इथं कुठचं पोर्ट?" म्हणत पेट्रोल पंपावर घेऊन गेला. बेंबळा धरण दाखवायला नेलं, तर पाच मिनिटं पाहून म्हणाले, "बशीतला चहा हाय हा, जवाईबापू." मामींनी या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली, याबद्दल पदक खरं तर त्यांना द्यायला हवं.

आणि पॉलिश! नौदलात मामा एका मोठ्या साहेबांचे ऑर्डर्ली होते, म्हणजे साहेबांचे जोडे यांच्याकडे. साहेब रोज सकाळी जोडे उलटसुलट बघत आणि काही ना काही राहिल्याचं सांगत. त्या सवयीने मामा आजही माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पाय. लग्नात मी मांडवात उभा असताना ते वाकून माझ्या बुटांकडे पाहत होते आणि पुटपुटले, "पोरगं बरं दिसते, पन टाचंकडं लक्ष नाई." जयंतीच्या आदल्या दिवशी चौकातला पुतळा धुवायचा मानही त्यांचाच. शिडीवर चढून कानामागेसुद्धा घासतात. कोणी घाई केली की वरूनच ओरडतात, "तुह्या लग्नात बी असाच तोंड धुऊन गेलता काय बे?"

अशा माणसाच्या टीव्हीवर एके दिवशी दिल्लीची बातमी आली: त्या साहेबांच्या पुतळ्याचं अनावरण. मामा टीव्हीला नाक लावून बसले, पण कॅमेरा छातीखाली उतरेचना. "जोडे दाखव ना बाप्पा!" दुसऱ्या दिवशी पेपरात पूर्ण फोटो आला. ब्राँझचा पुतळा तो, जोडे काळेठिक्कर, चमक म्हणून नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत.

कारण मग मला कळलं. साहेबांनी सांगून ठेवलं होतं, "माझ्या शेवटच्या प्रवासाचे जोडे तूच पॉलिश करायचे." आणि साहेब वारले नेमके त्या दिवशी मामा बहिणीच्या लग्नाला सुट्टीवर गावी. "साहेब तसेच गेले, जवाईबापू. तुमच्या सासूच्या लग्नापायी." आता त्या लग्नावरच माझा संसार उभा! मुकाट्याने दिल्लीची तिकिटं काढली.

मामांच्या पिशवीत चिंचेचा गोळा, राख आणि नारळाची शेंडी. दिल्लीत पुतळ्याचा चौथरा छातीइतकाच उंच. "तुम्ही चौकीदाराले बोलण्यात लावा," म्हणाले. मी त्याला हवापाण्याचं विचारतोय, तोवर साहेबांचा डावा जोडा नव्या तांब्यासारखा लखलखायला लागला. चौकीदार धावला. "अंकल, ये क्या कर दिया? सरकारी पुतला है!"

"पुतला सरकारी असन," मामा घासतच म्हणाले, "साहेब माहा हाय."

चौकीदाराने चिंच जप्त केली. मामांनी कडक सलाम ठोकला आणि हळूच म्हणाले, "साहेब, उजवा राह्यला."

पुढे गुडघे गेले, शिडी सुटली, मामा खाटेला लागले. घंटा तेवढी दोरी बांधून खाटेवरून वाजवतात. या हिवाळ्यात मला कामासाठी दिल्लीला जायचं होतं. निघताना मामींनी पदराआडून चिंचेचा गोळा माझ्या हातात कोंबला.

चौकीदार तोच होता. "अंकल नहीं आए?" मी सांगितलं, आता उठवत नाही त्यांना. त्याने माझ्या पिशवीत डोकावून पाहिलं. मग म्हणाला, "मैं ज़रा चाय पीकर आता हूँ." मी आयुष्यात घरचं भांडं कधी घासलं नव्हतं. त्या दिवशी भर थंडीत घामाघूम झालो.

परत आल्यावर मामांना मोबाइलवर फोटो दाखवला. त्यांनी तो मोठा करून, उलटा धरून, डोळ्यांजवळ नेऊन पाहिला.

"टाच राह्यली."

मी हिरमुसलो. तर म्हणाले, "साहेब बी रोज असंच म्हणत." आणि फोन छातीवर ठेवून त्यांनी डोळे मिटले. "आता निंगू द्या साहेबाले."

थोड्या वेळाने ते घोरायला लागले. अर्धा तास झाला, घंटा वाजली नाही. मी दोरीकडे हात नेला, तर मामींनी मानेनेच नको म्हटलं.