वायरमावशीचा भोंगा

वायरमावशी हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण खरं नाव आता तिच्या आईखेरीज कुणाच्या तोंडात राहिलं नव्हतं. बस डेपोत तिनं उभी हयात वायरिंग करण्यात घालवली. दिवे, हॉर्न, वायपर, स्टार्टर, बसमध्ये जे जे म्हणून विजेवर चालतं ते ते तिच्या हाताखालून गेलेलं. निवृत्त झाली तेव्हा डेपोनं तिला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. आठवडा उलटायच्या आत ते घड्याळ उघडून तिनं टेबलावर पसरलेलं नवऱ्यानं पाहिलं आणि तो मनात म्हणाला, हिला काहीतरी काम द्यायला हवं, नाहीतर उद्या माझं शिलाई मशीन उघडेल.

नवरा शिंपी. दुकान घराच्या पुढच्या खोलीत. शेजारच्या शेडमध्ये मावशीच्या धाकट्या भावाचं गॅरेज. तो ठोकाठोकी आणि रंगकाम करायचा. ठोकलेली गाडी त्याच्या हातून बाहेर पडली की मालकालाही कुठला दरवाजा चेपला होता ते आठवायचं नाही. मागच्या खोलीत आई. वय झालेलं, कान बरे, जीभ त्याहून बरी.

काम मिळालं ते कोंबड्यांमुळे. गावाबाहेर कोंबड्या पाळणारी एक बाई होती. तिच्या पिल्लांना ऊब द्यायचे दिवे सारखे जात होते, म्हणून तिनं मावशीला बोलावलं. मावशीनं दिव्यांचा दोष काढला, हात पुसले आणि सहज परसात नजर टाकली. तिथं वेलीखाली एक लांबट पत्र्याचं खुराडं होतं. खुराड्याला दुधी काचेची खिडकी होती. कोंबड्यांना दुधी काच कोण लावतं?

मावशीनं वेल बाजूला सारली. गोल फुगीर बॉनेट, कपाळावर पत्र्याची टोपी घातल्यासारखी काच, मागे दुपाखी दरवाजा. तिनं दरवाजा ओढला तशी एक तांबडी कोंबडी थेट तिच्या छातीवर आली. मावशीला त्याचं भानही नव्हतं. आत एका बाजूला स्ट्रेचरचे रूळ तसेच होते.

"ही रुग्णवाहिका आहे," ती म्हणाली.

"होती," कोंबडीवाली म्हणाली. "सासऱ्यांनी आणली होती भंगारातून. आता तीत अंडी होतात."

मावशी चाकाच्या फुटक्या टायरवरच बसली. लहानपणी अशाच एका गाडीत ती बसली होती. आईला कळा सुरू झाल्या, बाबा परगावी, आणि शेजारणीनं फोन करून रुग्णवाहिका बोलावली. घरात पोरीला एकटं कसं ठेवायचं म्हणून ड्रायव्हरनं तिला पुढं आपल्याजवळ बसवलं. ती रडतेय हे पाहून तो म्हणाला, "रडायला वेळ नाही. खाली बघ, क्लचच्या शेजारी लोखंडी बटण आहे. मी सांगितलं की दाबायचं. समोरचे लोक तुझं ऐकून बाजूला होतील." तिचा पाय पुरेना. मग ती खाली बसली आणि दोन्ही हातांनी बटण दाबलं. आधी गुरगुर, मग हुंकार, मग आभाळाला भिडणारी किंकाळी. आणि खरंच, बस थांबली, ट्रक थांबला, मोठमोठे लोक बाजूला झाले. दुसऱ्या दिवशी भाऊ झाला. त्या दिवसापासून तारेतून जाणारी वीज म्हणजे जगातली सगळ्यात भारी गोष्ट, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

ही तीच गाडी नव्हती, पण त्याच घडणीची होती. बाईनं आढेवेढे घेतले नाहीत. "मला धड खुराडं बांधून द्या आणि हे न्या. पावसात गळतं मेलं."

भावाला मावशीनं हाताला धरूनच आणलं. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, पत्र्यावर बोटानं टकटक केली आणि कपाळाला हात लावला. "ताई, ह्यात पत्रा कमी आणि गंज जास्त आहे."

"जेवढा पत्रा आहे तेवढा धर, बाकीचा तू घडव. तू असल्याच गाडीनं जगात आलायस."

"मला काय आठवतंय त्यातलं?"

"मला आठवतं ना. मग झालं तर."

भावानं कोंबड्यांना असं खुराडं बांधून दिलं की कोंबडीवाली म्हणाली, माझ्या घरापेक्षा बरं आहे. गाडी ट्रॅक्टरमागे बांधून शेडमध्ये आली. साफसफाईतच पंधरवडा गेला. पिसं कुठं कुठं निघावीत? गिअरच्या दांड्याखालून, मीटरच्या काचेमागून, अगदी दिव्यांच्या वाट्यांतून. भाऊ कुजलेला पत्रा कापून नवा जोडायचा, नवरा जुन्या फोटोत बघून स्ट्रेचरचं कॅनव्हास आणि सीटची कव्हरं शिवायचा. मावशीनं सगळी वायरिंग काढून जमिनीवर मांडली आणि त्या काळी असायची तशी, सुती वेष्टणाची तार शोधून नव्यानं ओवली. पहाटे उठली की चहाच्या आधी शेडमध्ये. नवरा म्हणायचा, "माझं लग्न झालं तेव्हा हिचा चेहरा एवढा उजळला नव्हता." आणि खोटं बोलत नव्हता.

टपावरच्या दिव्याची खालची बैठक आणि मोटर होती, पण वरची काच नव्हती. हल्लीचे लुकलुकणारे दिवे बाजारात पोत्यानं मिळतात. भाऊ एक घेऊनही आला.

"हा लुकलुकतो," मावशी म्हणाली. "तो फिरायचा. आत बल्ब एका जागी जळायचा आणि त्याच्याभोवती आरसा फिरायचा. भिंतींवरून लाल उजेड झाडू मारल्यासारखा जायचा. हे परत दे."

काचेचा पत्ता विचारायला ती पुन्हा कोंबडीवालीकडे गेली. बाई म्हणाली, काचबिच काही मला माहीत नाही. आणि बोलता बोलता तिनं पिल्लांसमोर पाण्याचं भांडं ठेवलं. जाड, गोल, लाल काचेचं. मावशीनं तिथंच उकिडवं बसून पिल्लांचं पाणी पिऊन होण्याची वाट पाहिली. मध्येच उचललं असतं तर बरं दिसलं नसतं.

"आणि भोंगा?" तिनं जाता जाता विचारलं. "पुढं मडगार्डवर असायचा, तोफेच्या तोंडासारखा."

"तो होय. तो सासऱ्यांनी लाकडाच्या वखारीत देऊन टाकला. अजून वाजतो की जेवणाच्या सुट्टीला."

मावशी तिथून घरी आलीच नाही. थेट वखारीत गेली. फाटकापाशी पोचली आणि तोच सुट्टी झाली. गुरगुर, हुंकार, मग तो चढत गेलेला सूर. वखारीतली माणसं करवती थांबवून डबे काढायला निघाली आणि ही बाई फाटकाला धरून हसते आहे की रडते आहे हे त्यांना कळेना.

वखारवाले आजोबा शांत गृहस्थ. त्यांनी तिला लाकडाच्या ओंडक्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "करवतीच्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नाही, बाई. माझी माणसं ह्याच्यावर जेवतात. हा कसा देऊ?"

"दुसरा करून दिला तर?"

"ह्याच्यासारखा वाजला तर बघू."

मावशीनं एक विजेचा हॉर्न बनवून नेला. तो वाजला तशी अख्खी वखार हसून लोळली. कुणीतरी म्हणालं, शेळी अडकलीय कुठंतरी. दुसरा इतका कर्कश निघाला की आजोबांनीच कानात बोटं घातली. मग तिनं डेपोतल्या जुन्या सोबत्यांना गाठलं, हवेच्या दाबावर वाजणारा जुन्या बसचा दुहेरी हॉर्न मिळवला, त्याला टाकी जोडली आणि वखारीच्या आढ्याला बसवला. तो वाजला तेव्हा कुणी हसलं नाही. सगळ्यांनी गुमान करवती बंद केल्या आणि डबे उघडले.

आजोबा भोंग्याकडे बराच वेळ बघत राहिले. "न्या," ते म्हणाले. "एका जागी ओरडून ओरडून तोही कंटाळला असेल. कुठंतरी जाऊ दे त्याला."

घरी आणून जोडला तर भोंगा वाजेना. अजीर्ण झालेल्या म्हशीसारखा नुसता कण्हला, तार तापली आणि धूर निघाला. भाऊ बादली घेऊन धावला. मावशीनं त्याला हातानंच थांबवलं. तिला राग आला होता तो स्वतःचाच. भोंगा म्हणजे आत फिरणारा पंखा, आणि त्याला गरगर फिरवणारी मोटर स्टार्टरसारखीच वीज पिते. त्याला तिनं दिव्याची बारीक तार दिली होती. मग स्टार्टरची जाडजूड केबल आली, एवढी वीज झेलून बटणाला वाचवणारा भरभक्कम रिले आला, बॅटरी मोठी आली. आणखी एक अडचण होती. बटण सोडलं तरी पंखा आपल्या गतीनं फिरत राहतो आणि भोंगा रेंगाळत उतरतो. तो चटकन थांबवायला आत छोटा ब्रेक असतो, त्याची पट्टी पार झिजलेली. नवऱ्यानं कॅनव्हासचे थर एकावर एक शिवून तशी पट्टी करून दिली. "आयुष्यभर माणसांचे कपडे शिवले," तो म्हणाला, "भोंग्याला पट्टा पहिल्यांदाच."

मग एका रविवारी दुपारी मावशी सीटवर बसली. क्लचशेजारचं बटण तिनं पायानं दाबलं.

गुरगुर झाली. हुंकार आला. आणि मग तो सूर चढायला लागला तो चढतच गेला. शेडचा पत्रा थरथरला, खिळ्यांचा डबा फळीवरून चालत चालत खाली पडला, गल्लीतली कुत्री एका सुरात रडायला लागली. समोरच्या मास्तरीणबाई औषधांची पिशवी घेऊन दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं आपल्यालाच न्यायला आले. टपावर आरसा फिरत होता आणि लाल उजेड भिंतींवरून झाडू मारत होता. मावशीनं पाय उचलला. ब्रेकचं बटण दाबलं. भोंगा एक उचकी देऊन थांबला.

भाऊ तोंड उघडं टाकून उभा होता. मागच्या खोलीतून काठी टेकत आई आली. तिनं गाडी डोळे भरून पाहिली.

"आई, हाच आवाज ना?" मावशीनं विचारलं.

"मला काय माहीत," आई म्हणाली. "त्या दिवशी मला भोंगा ऐकूच आला नाही. मीच त्याच्याहून मोठ्यानं ओरडत होते."

हिवाळ्यात जुन्या गाड्यांचा मेळावा भरला. रस्त्यावर भोंगा वाजवायची परवानगी खऱ्या कामावरच्या रुग्णवाहिकेलाच असते, म्हणून मावशीनं घरून निघताना केबल काढून ठेवली आणि नवऱ्यानं भोंग्यावर जाड कापडाची टोपी चढवली. मैदानात मात्र संयोजकांनी एकदा वाजवायला मुभा दिली होती. तिथं चकचकीत मोटारी रांगेनं उभ्या होत्या, आरशासारखा रंग, पांढरे टायर. त्यांच्यात ही दुधी काचांची गाडी म्हणजे लग्नाला आलेल्या नर्ससारखी दिसत होती. वखारवाले आजोबा आपली माणसं घेऊन आले होते. कोंबडीवालीही आली, आणि आत डोकावून म्हणाली, "अगं बाई, इथं तर माझी तांबडी बसायची."

पाळी आली. मावशीनं केबल जोडली, टोपी काढली, भावाला म्हणाली, "बस तू. दाब."

"ताई, तू दाब. तुझं आहे हे."

"मी दाबलंय. तू आईच्या पोटात झोपला होतास तेव्हा. बस."

भाऊ बसला आणि त्यानं बटण दाबलं. सूर चढला तशी मैदानातली बोलणी थांबली. पोरं कानावर हात ठेवून हसायला लागली, पण मोठ्या माणसांच्या चेहऱ्यांवर दुसरंच काही उमटलं. एका म्हाताऱ्यानं टोपी काढून हातात घेतली. मावशीचं लक्ष मात्र कुंपणापलीकडे गेलं. मोठा रस्ता होता तिथं. त्या रस्त्यावरची बस हळूहळू कडेला सरकत होती. तिच्यामागचा टेम्पोही सरकला. मोटारसायकलवाले मागे वळून बघत बाजूला झाले. बघता बघता रस्त्याच्या मधोमध लांबच लांब मोकळी वाट पडली, आणि तिच्यातून कुणीच येत नव्हतं. मावशीनं नवऱ्याचा दंड इतका घट्ट धरला की त्याला संध्याकाळपर्यंत वळ होता.

"अहो, बघा तरी," ती म्हणाली. "अजून ऐकतात."

भाऊ आनंदाच्या भरात ब्रेक विसरला, त्यामुळे भोंगा सावकाश उतरत उतरत, उसासे टाकत थांबला. तोवर फाटकातून वाहतुकीचा हवालदार आत आला. "रुग्णवाहिका गेली कुठं?" त्यानं विचारलं. त्याला गाडी दाखवली तेव्हा तो तिच्याभोवती फिरला, त्यानं भोंग्यात वाकून पाहिलं, आणि रागवायचं ठरवून आलेला माणूस शेवटी स्ट्रेचरवर बसून पाहून गेला.

बक्षीस एका हिरव्या मोटारीला मिळालं. मावशीला ते नंतर नवऱ्याकडून कळलं, कारण बक्षीस जाहीर झालं तेव्हा ती तिथं नव्हतीच. मैदानाच्या कडेला बंदोबस्तासाठी खरी रुग्णवाहिका उभी होती. तिचा ड्रायव्हर येऊन मघापासून जुनी गाडी निरखत होता.

"ताई, आमचा भोंगा नुसता बटणावर सूर बदलतो," तो म्हणाला. "हा आतून येतोय असं वाटलं. उघडून दाखवता का?"

मावशीनं झाकण उघडलं, पंखा बोटानं फिरवून दाखवला, नवऱ्यानं शिवलेली पट्टी दाखवली. ड्रायव्हरनं दोनदा विचारून घेतलं. मग जरा घुटमळत म्हणाला, "आमच्या टपावरचा डावा दिवा मधूनच बंद पडतो. वर्कशॉपवाले म्हणतात दोष सापडत नाही."

"पाऊस पडल्यावर बंद पडतो की खड्ड्यातून गेल्यावर?"

"खड्ड्यातून."

"मग शिडी आण," मावशी म्हणाली आणि पिशवीतून टेस्टर काढला. नवरा हिरव्या मोटारीची बातमी घेऊन आला तेव्हा त्याला बायको दिसली नाही, नव्या रुग्णवाहिकेच्या टपावर फक्त तिच्या चपलांचे तळ दिसले.